गिटार बडवणारा पोरगा: हे वादन की कसरत? आणि पैसे द्यायचे कसे?

हरिपूर_रोड

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी विश्रामबागेत एका स्नेह्यांच्या गच्चीवर गिटार ऐकायला गेलो होतो. वाजवणारा मुलगा मिरजेचा, इंजिनिअरिंग झालेला, वय चोवीसच्या आसपास. सोबतीला तबला नाही, मागे ट्रॅक नाही, गाणारं कोणी नाही. एक अकूस्टिक गिटार आणि एक लहानसा स्पीकर, बस्स.

सुरुवात नेहमीसारखी झाली. मग गड्याने गिटार मांडीवर आडवी टाकली आणि दोन्ही हातांची बोटं वरून तारांवर आपटायला लागला. त्याच्या पुढच्या वादनात तर उजव्या हाताने तारांना स्पर्शच केला नाही. मनगटाजवळच्या तळव्याने लाकडावर ठेका, नखांनी कडेच्या फळीवर खरखर, आणि सूर सगळे एकट्या डाव्या हाताने. पाण्याच्या टाकीमागे कोणी तबलजी बसवलाय का, हे मी मान लांबवून बघितलं.

संपल्यावर शेजारचे एक काका म्हणाले, "पोरगं हुशार आहे, पण हे वादन कमी आणि कसरत जास्त." मग एक स्टीलचा डबा फिरला. त्यात दहा-वीसच्या नोटा पडल्या. क्यूआर कोडचा कागद टेबलावर होता, त्याकडे फारसं कोणी फिरकलं नाही. मसाला दूध मात्र सगळ्यांनी दोन-दोन कप घेतलं.

तर प्रश्न दोन. एक, हे संगीत मानायचं की नाही? दोन, अशी पोरं टिकावीत असं वाटत असेल तर आपल्यासारख्याने पैसे नेमके कुठल्या वाटेने द्यायचे? त्याची चार वादनं सगळ्या ॲपवर आहेत म्हणे. ती ऐकली तर त्याला काही मिळतं का?

भडंग_स्पेशल

पयला! बसलोय भडंग घेऊन. होऊ दे चर्चा.

जुना_तबलजी

काकांशी सहमत. लाकडावर थापा मारल्या की ठेका होत नाही. तबल्यात एका बोटाची जागा अर्धा इंच हलली तर 'ना'चा 'तिन्' होतो. गिटारच्या खोक्यातून फार तर तीन आवाज निघतात, धप्प, टक आणि खर्र. त्यावर वीस मिनिटं कशी काढणार? वाद्य जसं वाजवायचं तसं वाजवावं की राव.

सातारी_कंदी

सांगलीकरांना गच्चीवर का होईना, ऐकायला तरी मिळतं. आमच्याकडे साताऱ्यात गिटार म्हणजे गॅदरिंगला चार कॉर्ड आणि शेवटी सगळ्यांनी मिळून कोरस.

तारसप्तक

@जुना_तबलजी, आदर ठेवून थोडं भांडतो.

'वाद्य जसं वाजवायचं तसं' हे ठरवलं कोणी? गिटार मांडीवर घेणं जुनंच आहे. हवाईत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोक ती मांडीवर ठेवून पोलादी तुकडा तारांवर सरकवत होते. तेच वाद्य आपल्याकडे आलं आणि ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसादांच्या बासरीबरोबर त्यांचीच गिटार आहे. विश्वमोहन भट्टांनी तिला तरफा (आपोआप गुंजणाऱ्या जादा तारा) जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी आणलं. आणि पेटीचं काय झालं होतं? आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारातच उभी केली नव्हती. आज पेटीशिवाय भजन होतं का?

आता त्या पोराच्या वादनाबद्दल. याला 'परकसिव्ह फिंगरस्टाइल' म्हणतात. अमेरिकेत मायकेल हेजेस आणि प्रेस्टन रीड हे यातले मोठे लोक. हेजेसचा १९८४ चा 'एरियल बाउंडरीज' हा अल्बम आजही या वादकांचं पाठ्यपुस्तक आहे. ते १९९७ मध्ये मोटार अपघातात गेले. २००६ नंतर अँडी मॅकीचे व्हिडिओ यूट्यूबवर पसरले आणि जगभरच्या पोरांनी गिटारी बडवायला घेतल्या. आपला मिरजेचा गडीही त्याच रांगेतला असणार.

आणि आवाज तीनच नाहीत हो. साउंडहोलच्या वरच्या बाजूला मनगटाकडच्या तळव्याने मारलं तर खर्ज येतो. कडेच्या फळीवर बोटं मारली तर कोरडा, कडक आवाज. अंगठा जाड तारांवर नुसता पाडला तर 'चक', आणि त्याच क्षणी उरलेली बोटं बारीक तारा छेडतात, त्यामुळे ठेका आणि सूर एकदम. बाराव्या पडद्यावर बोट सपकन आपटून लगेच उचललं तर स्वयंभू सूर उमटतो. पुन्हा पुढची फळी दोन-तीन मिलिमीटर जाडीची, आतून पट्ट्यांनी तोललेली, त्यामुळे प्रत्येक जागेचा आवाज वेगळा. तुमच्या डग्ग्याला मनगट घासून जी मींड काढता ती इथे नाही, हे कबूल.

जुना_तबलजी

मुद्दा डग्ग्याचा नाहीच. ठेका काढून घेतला तर मागे काय उरतं? चाल उरते का? मी यूट्यूबवर असले पाच-सहा बघितले. धडाम धडाम चालू असतं आणि सूर बघावे तर तेच चार, पुन्हा पुन्हा. बघायला मजा येते. डोळे मिटले की संपलं.

तारसप्तक

हे मात्र शंभर टक्के पटलं. कसोटी हीच. नुसता आवाज ऐकायचा, हात बघायचे नाहीत. हेजेस त्यात पास होतो, त्याची नक्कल करणारे बहुतेक नापास होतात.

कृष्णाकाठची

एक अडाणी प्रश्न. माझ्या लेकाच्या गिटारवर असं काही केलं की घाणेरडं ऐकू येतं. या लोकांचं आधीच गोड कसं वाजतं? नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी?

तारसप्तक

प्रश्न अडाणी अजिबात नाही, अर्धं गुपित त्यातच आहे. हे लोक तारा वेगळ्या लावतात. नेहमीच्या लावणीत सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवा. जे तयार होतं त्याला 'डॅडगॅड' म्हणतात (तारांचे इंग्रजी स्वर डी-ए-डी-जी-ए-डी, म्हणून). डेव्ही ग्रॅहम नावाच्या इंग्रज वादकाने मोरोक्कोतलं संगीत ऐकून साठच्या दशकाच्या सुरुवातीला ही लावणी रूढ केली. आपल्या भाषेत सांगायचं तर जाड तारेपासून: सा प सा म प सा. गंधारच नाही! त्यामुळे शुद्ध घ्या की कोमल, मोकळ्या तारा भांडत नाहीत. लेकाला सांगा, तार उतरवताना आधी थोडी जास्त सैल करून मग वर आणायची, म्हणजे सूर टिकतो.

शनिवार_पेठ_मिरज

सा प सा म प सा? अहो हा तर तंबोरा झाला!

मी सतारमेकर नाही, पण त्यांच्या गल्लीला लागूनच घर आहे, लहानपणापासून भोपळे उन्हात वाळताना बघत आलोय. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, दीडशेहून जास्त वर्षं हेच चाललंय. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हा मुलगा आमच्या गल्लीत येतो, मी ओळखलं त्याला. एकदा गिटार घेऊन एका कारागिराकडे आला आणि म्हणाला, "याची जवारी काढून द्या." जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा तो झणकार. कारागीर हसला. पोराने घोडीवर (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा दोरा सरकवून बघितला होता आणि तार नुसती मुकी झाली होती. कारागिराने तंबोरा पुढ्यात ओढला आणि घोडीवर नख फिरवून दाखवलं. ही घोडी चांगली रुंद असते, वरचा पृष्ठभाग अगदी किंचित उतरता. तार सुटली की त्या उतारावर टेकते-उठते, टेकते-उठते, म्हणून झणकार. दोरा फक्त ती जागा नेमकी ठरवतो. गिटारच्या घोडीवरचं हाड जेमतेम तीन मिलिमीटरचं. टेकायला उतारच नाही तर दोरा करणार काय?

मग त्याने हाडाचा एक रुंद तुकडा घासायला घेतला. कानस, मग काचपेपर, मग तार चढवून ऐकायचं, पुन्हा उतरवायची, पुन्हा दोन हात काचपेपर. चहा दोनदा झाला. शेवटी खालच्या दोनच तारांना झणकार आला, पण आला! पैसे विचारले तर म्हणाला, "वाजवून दाखव कुणाला तरी, मग बघू."

भडंग_स्पेशल

नाद खुळा. शनिवार पेठ, हा प्रतिसाद वेगळा धागा काढून टाका.

तारसप्तक

अंगावर काटा आला. रुंद हाड लावल्यावर वरच्या पडद्यांवर सूर चढा-उतरा होत असणार, कारण तारेची लांबी बदलते. त्या दोन तारा तो मोकळ्याच वाजवत असेल, तंबोऱ्यासारख्या. घरी करून बघायचं असेल तर सोपी युक्ती: कागदाची पातळ पट्टी घोडीजवळ तारांतून वरखाली विणा. जवारी नाही, पण खरखरीत ताशासारखा आवाज येतो आणि गिटारला काही होत नाही.

वसंतदादांचा_भाचा_नाही

अवांतर: मांडीवर गिटार, लाकडाला थापा, घोडी बदलली. वॉरंटीचं काय?

तारसप्तक

वॉरंटीला राम राम. पण थापा आतल्या पट्ट्या आहेत तिथे माराव्यात, मधल्या मोकळ्या पातळ फळीवर नाही. पारदर्शक फिल्म चिकटवली तर ओरखडे येत नाहीत. शिकताना सहा-सात हजारांची प्लायवूडची गिटार बरी. आवाज बोदा, पण मार खाते.

कृष्णाकाठची

नखांचं काय करतात? लेकाची तर महिन्याभरात तुटली.

भडंग_स्पेशल

माझा मावसभाऊ शास्त्रीय गिटार वाजवतो. विश्रामबागेतल्या पार्लरमध्ये जाऊन उजव्या हाताची चार नखं ॲक्रिलिकची करून घेतो. पहिल्यांदा गेला तेव्हा ताईंनी विचारलं, "लग्न आहे का घरात?" आता त्या स्वतःच विचारतात, पुढचा कार्यक्रम कधी.

हरिपूर_रोड

हाहा. धागा माझा असूनही मीच मागे पडलो. मंडळी, दुसरा प्रश्न विसरू नका. पैशाचं बोला.

व्याजासकट

पैशाचं मी बोलतो, पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

ॲपवर ऐकणं: एका ऐकण्याला ठरलेला दर नसतो. महिन्याची जमा आणि एकूण ऐकण्यांत तुमच्या गाण्याचा वाटा, यावर सगळं. शिवाय स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी शून्य. म्हणजे तुम्ही, तुमची बायको आणि गच्चीवरचे सगळे मिळून रोज ऐकत राहिलात तर पोरगं उंबरठा ओलांडेल, आणि ओलांडून त्याला बहुधा चहाचे पैसे मिळतील.

बँडकँप: इथे अल्बम विकत घेता येतो. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के ठेवतात, टी-शर्ट, सीडी वगैरेवर १०. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटाही सोडतात. स्वतंत्र वादकांसाठी याहून बरी जागा मला माहीत नाही. पण एक गोम आहे. वादकाला पैसे पेपलमधून पोचतात, आणि पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केले. म्हणजे जर्मनीतला माणूस मिरजेच्या पोराचा अल्बम घेऊ शकतो, सांगलीतल्याची पंचाईत!

म्हणून माझं मत: यूपीआय. मधे कोणी खात नाही. त्याने अल्बमच्या फायली स्वतः द्याव्यात आणि आपण सरळ खात्यावर टाकावेत.

आणखी एक, हे त्याला नक्की सांगा. वादनं त्याची स्वतःची रचना असतील तर तो संगीतकार आहे. आयपीआरएस ही संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था १९६९ पासून आहे, तिचं सभासदत्व घ्यावं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने संगीतकार-गीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केलाय. आज फार मिळणार नाही, पण उद्या एखादं वादन जाहिरातीत किंवा मालिकेत गेलं तर नोंद कामी येते. सिनेमातली गाणी वाजवून व्हिडिओ टाकत असेल तर त्यावरच्या जाहिरातीचे पैसे बहुतेक वेळा मूळ कंपनीच घेते, तेव्हा स्वतःचं वाजव म्हणावं.

सात्त्विक_संताप

सगळीकडे पैसा पैसा. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात मोठमोठे कलावंत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत सेवा म्हणून गातात. त्यांनी कधी क्यूआर कोड लावला का? कलेत बाजार आला की कला संपते.

शनिवार_पेठ_मिरज

साहेब, उरुसाची हजेरी मी दरवर्षी मांडी घालून ऐकतो, त्यामुळे राहवत नाही. तिथे गाणारे वर्षभर दुसरीकडे बिदागी घेऊन गातात, म्हणून एक रात्र सेवेची देऊ शकतात. या पोराच्या सगळ्याच रात्री सेवेच्या झाल्यात.

आणि बाजाराचं म्हणाल तर विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले कुठे? आमच्या मिरजेत, बाळकृष्णबुवांकडे. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातलं गाणं तिकीट लावून चार लोकांत आणलं ते त्यांनी. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते असल्याच मैफलींच्या आणि लोकांच्या पैशांवर. कला संपली का त्याने?

व्याजासकट

+१. खाडकन.

सात्त्विक_संताप

पलुस्करांची तुलना गिटार बडवणाऱ्याशी? धन्य आहे. माझा या धाग्याला रामराम.

भडंग_स्पेशल

जाताना डब्यात दहा रुपये टाकून जा.

सातारी_कंदी

हॉटेलवाल्यांचंही सांगतो. इथल्या एका कॅफेत माझ्या ओळखीची मुलगी गिटार वाजवून गायची. मालक म्हणाला, तुला प्रसिद्धी मिळेल, वर सँडविच फुकट. तीन महिने सँडविच खाल्ल्यावर तिने मानधन मागितलं, तर त्याने ब्लूटूथ स्पीकर आणला. आता ती पुण्यात नोकरी करते, गिटार कपाटावर.

तारसप्तक

कॅफेचा आणखी एक तोटा, मिक्सर आणि गप्पा. असल्या वादनात बारीक सूर असतात, ते मरतात. दुसरीकडे मंडळांचे कार्यक्रम. एका ठिकाणी साउंडवाल्याने असल्याच एका वादकाच्या गिटारला डीजेसारखा बास लावला, पहिल्याच थापेला सगळं हॉल 'हूं' करत घुमलं आणि पब्लिक हसलं.

कोणाला हे वादन मंचावर ठेवायचं असेल तर दोन गोष्टी कराव्यात. तारांचा पिकअप (कंपनं पकडून स्पीकरकडे पाठवणारा भाग) वेगळ्या चॅनलवर, लाकडाला चिकटवलेला पिकअप वेगळ्या चॅनलवर. आणि लाकडाच्या चॅनलचा अगदी खालचा खर्ज कापायचा, नाहीतर घुमणारच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पितळी चकतीचा पिझो किरकोळ पैशात मिळतो, पण तो सरळ मिक्सरला जोडला तर पत्र्यासारखा वाजतो. मधे उच्च इम्पीडन्सचा (विद्युत अवरोधाचा) प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल सुधारून वाढवणारी छोटी पेटी लागते, मेगाओमच्या घरातली. खर्च खरा तिथे आहे.

हरिपूर_रोड

मंडळी, त्या मुलाशी काल बोललो. तारसप्तक म्हणतात तोच प्रीॲम्प त्याला घ्यायचाय. आणि हो, २०१९ च्या पुरात त्याची पहिली गिटार गेली. पाणी ओसरल्यावर बघितलं तर घोडी एका कोपऱ्यात आणि फळी दुसऱ्या कोपऱ्यात. सध्याची एका मित्राची आहे, उधार.

जुना_तबलजी, तुमच्यासाठी त्याच्याकडून तीन वादनांच्या नुसत्या ऑडिओ फायली मागवल्या आणि तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केल्यात. व्हिडिओ नाही. डोळे आपोआप मिटलेले.

जुना_तबलजी

ऐकल्या. दोनदा.

पहिलं वादन उत्तम. सात मात्रांचं आहे, रूपकासारखं चालतं, आणि थाप नेमकी 'खाली'च्या मात्रेवर हलकी ठेवलीय. हे त्याला कोणी शिकवलं नसेल तर कान आहे पोराला. ते झणकारवाल्या तारांचं दुसरं वादन, त्यात ठेका जवळजवळ नाहीच, आणि तेच सगळ्यात चांगलं. तिसरं मात्र गच्चीवरच ठेवा. त्यात हात दिसले पाहिजेत, नाहीतर काही नाही. काकांचं 'कसरत' त्या तिसऱ्याला लागू, पहिल्या दोनांना नाही.

लय मधे पळते. मेट्रोनोम बंद करून तबल्याबरोबर बसायला सांगा. मंगळवारी संध्याकाळी मी घरी असतो. फी घेणार नाही, पण वेळेवर यायचं.

कृष्णाकाठची

आता मुद्द्याचं. आमच्या सोसायटीचा हॉल रविवारी संध्याकाळी मिळतो, भाडं नाममात्र. साठेक माणसं बसतात. तिकीट दोनशे ठेवलं तर?

व्याजासकट

दोनशे ठेवा, पण 'ऐच्छिक देणगी' अजिबात नको, नाहीतर पुन्हा दहा-वीसच्या नोटा. पैसे आधी यूपीआयने, थेट त्याच्या खात्यावर. भाडं आणि साउंड आपण काही जण वेगळे भरू, त्याच्या तिकिटातून नको. अल्बमची फाईल तिकिटातच द्यावी म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी राहील.

सातारी_कंदी

साताऱ्याहून चौघे येतो. पेढे आणू का?

भडंग_स्पेशल

पेढे आणा, भडंग आमचा. मसाला दूध नको, त्याने डबा हलका होतो. माझी दोन तिकिटं धरा, आणि साउंडवाल्याचा नंबर तारसप्तक यांना व्यनि करतो, खर्ज कापायचं त्यांनीच समजावावं.

कृष्णाकाठची

खुर्च्या की सतरंज्या? गुडघ्यांचा प्रश्न आहे.

हरिपूर_रोड

पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. वेळ साडेसहा. गणपतीत नको म्हणतो तो, मंडळाच्या स्पीकरपुढे कोणाचं काही ऐकू येणार नाही. त्याआधीचा रविवार सगळ्यांना चालेल का, ते कळवा.